बाल्साचं पहिलं विमान जोडताना: पंखाचा पीळ, शेपटीचं वजन आणि बाकीचं

ताई, तुम्ही लेकीसोबत मे महिन्याच्या सुट्टीत १.२ मीटर पंखांचं, बाल्साच्या हलक्या लाकडाचं ट्रेनर, म्हणजे सोपं उडणारं रिमोटचं विमान, जोडायला घेताय, हे वाचून फार बरं वाटलं. किट लेझरने कापलेलं आहे, घर चिपळूणला आहे, आणि दोघींनीही याआधी असं काही केलेलं नाही. गोंद कोणता वापरायचा, सुरुवात कुठून करायची आणि विमान उडेल की नाही हे आधी कसं कळायचं, हे तुमचे तीन प्रश्न. मी शेवटच्यापासून सुरू करतो, कारण पहिल्या दोन्हींचं उत्तर त्यातच आहे.

ट्रेनर उडणं न उडणं मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतं: पंखात पीळ नसणं आणि गुरुत्वमध्य (विमान जिथे तोललं जातं ती जागा) योग्य जागी असणं. सांगाड्यावर चढवायच्या प्लॅस्टिक फिल्मला सुरकुत्या पडल्या, एखादा सांधा ओबडधोबड झाला, चाक थोडं वाकडं बसलं, तरी विमान उडतं. पीळ मात्र माफ होत नाही. तुमच्या पंखाची रुंदी साधारण २० सेंटीमीटर असेल. एका टोकाला मागची कड साडेतीन मिलिमीटर खाली गेली, तर तिथे पंखाचा कोन एका अंशाने वाढतो. तो पंख जास्त उचलतो आणि विमान सतत दुसऱ्या बाजूला कलतं. रिमोटवरच्या ट्रिमने (बारीक दुरुस्तीच्या बटणाने) ते सरळ करता येतं, पण उतरताना वेग कमी झाला की जास्त कोनातला पंख आधी स्टॉल होतो, म्हणजे उचलणं सोडतो, आणि विमान त्या बाजूला कोसळतं. तेही जमिनीजवळ, जिथे सावरायला उंचीच नसते. नवशिक्यांची बरीच विमानं अशी जातात आणि दोष मात्र चालवणाऱ्याच्या हाताला दिला जातो.

म्हणून पहिली खरेदी गोंदाची करू नका, पाटाची करा. पंखाच्या एका अर्ध्या भागापेक्षा थोडा लांब असा सपाट आधार हवा. घरातला ग्रॅनाइटचा किंवा कडप्प्याचा ओटा उत्तम. त्यावर नोटीस बोर्डाला लागतो तसला सॉफ्टबोर्ड ठेवा, म्हणजे टाचण्या रुततील. बोर्डावर दोन्ही कर्णांवर दोरा ताणून पाहा. दोऱ्याखाली फट दिसली तर बोर्डाच्या खाली कागदाच्या घड्या सारून ती घालवा. मग किटमधला नकाशा, म्हणजे विमानाचा आराखडा, पसरा, त्यावर पारदर्शक प्लॅस्टिक टाका म्हणजे गोंदाने नकाशा चिकटणार नाही. सुताराचा छोटा गुण्याही घेऊन ठेवा.

सुरुवात शेपटीपासून करा. फ्यूजलाज, म्हणजे विमानाचं धड, आधी जोडावंसं वाटतं, कारण ते लगेच विमानासारखं दिसतं, पण शेपटी लहान आणि सपाट असते. गोंद किती लागतो, टाचणी कुठे टोचायची (पट्टीच्या बाजूला, आरपार नाही), पॉलिश पेपर किती दाबायचा, हे सगळं लेकीला तिथेच कळेल. चुकलं तर पट्टी बदलता येते. शिवाय शेपटीतूनच तिला वजनाची नजर येईल. बाल्सा मुख्यतः इक्वाडोरहून येतो आणि एकाच झाडाच्या जातीत हलक्या-जड लाकडाचा फरक दुपटीहूनही जास्त असतो. किटमधल्या सारख्या मापाच्या पट्ट्या स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवून बघा. हलक्या शेपटीला, जड आणि सरळ तंतूंच्या पंखाच्या स्पारना, म्हणजे पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या मुख्य पट्ट्यांना. शेपटी गुरुत्वमध्यापासून नाकाच्या तुलनेत साधारण तिप्पट लांब असते. मागे १० ग्रॅम जास्त झाले की तोल साधायला पुढे ३० ग्रॅम शिसं लागतं. गोंदही वजनच आहे. सांध्यातून बाहेर ओघळलेला थेंब ताकद वाढवत नाही.

आता गोंद. पातळ सायनो (क्षणात चिकटणारा सुपरग्लू), मध्यम सायनो, फेविकॉल आणि अर्ध्या तासात बसणारं इपॉक्सी, एवढं पुरे. रिब (पंखाला आकार देणाऱ्या फासळ्या) आणि स्पार आधी कोरडेच जुळवायचे, सगळं नीट बसलं की सांध्यावर पातळ सायनोचा थेंब सोडायचा, तो स्वतःच आत शोषला जातो. जिथे थोडी फट आहे तिथे मध्यम सायनो. बाल्साच्या मोठ्या पातळ शीट चिकटवताना फेविकॉल, कारण तो सरकवून जागेवर आणायला वेळ देतो. पण त्यात पाणी असतं, एकाच बाजूला लावला की शीट वाकते, म्हणून वाळेपर्यंत वजनाखाली दाबून ठेवा. तो वाळला की घासताना रबरासारखा लागतो आणि शेजारचा बाल्सा आधी झिजतो, त्यामुळे बाहेरून दिसणाऱ्या सांध्यांवर तो मी टाळतो. इपॉक्सी फक्त फायरवॉलला, म्हणजे मोटर जिच्यावर बसते त्या पुढच्या पाटीला, आणि दोन पंख जोडणाऱ्या प्लायच्या पट्टीला. पाच मिनिटांतलं इपॉक्सी तिथे नको, लाकडात मुरायच्या आत ते घट्ट होतं.

सायनो वापरताना लेकीला चष्मा घालायला लावा, खिडकी उघडी ठेवा, आणि सुती कपड्यावर किंवा कापसावर तो सांडू देऊ नका. सुताशी त्याची क्रिया होऊन इतकी उष्णता निघते की त्वचा भाजते. हे फार कमी लोकांना माहीत असतं.

चिपळूणचा दमटपणा तुमच्यासाठी खरा मुद्दा आहे. ओलाव्याने सायनो लवकर बसतो, म्हणजे जागेवर आणायला वेळ कमी मिळतो. बाल्सा ओलावा पितो आणि मोकळा सोडलेला सांगाडा रात्रीतून पिळू शकतो. अर्धवट पंख रात्री बोर्डावरून काढू नका. टाचण्यांसह तसाच राहू द्या. पट्ट्या उभ्या टेकवून ठेवू नका, ओट्यावर आडव्या ठेवून वर पुस्तकं ठेवा.

पंखाच्या कामात घाई नको. खालचा स्पार नकाशावर टाचण्यांनी पक्का करा, रिब उभे करा, प्रत्येकाला गुण्या लावा, वरचा स्पार बसवा, मग पुढची आणि मागची कड. सगळं कोरडं जुळेपर्यंत गोंदाची बाटली उघडू नका. यानंतर शिअर वेब, म्हणजे दोन रिबांच्या मधल्या जागेत वरच्या आणि खालच्या स्पारला जोडणारे बाल्साचे चौकोन. त्यांचे तंतू उभे हवेत. आडवे लावले तर दिसायला तेच दिसतं, पण पंख वाकताना वरच्या स्पारवर दाब येतो आणि तो चौकोन तंतूंमधून चिरतो. मग शेवटी पुढच्या भागावर वरची शीट. ती चढली की पंखाची बंद पेटी होते आणि त्या क्षणी जो पीळ असेल तो आत कोंडला जातो. म्हणून शीट लावायच्या आधी पंख उचलू नका. नकाशात टोकाला वॉशआउट दाखवला असेल, तर मागच्या कडेखाली सांगितलेल्या जाडीची पट्टी ठेवा, दोन्ही पंखांना अगदी तेवढीच. वॉशआउटने टोकाचा कोन कमी होतो, म्हणून टोक शेवटी स्टॉल होतं. हा नियोजित पीळ, तोही दोन्हीकडे सारखाच असायला हवा.

दोन डावे पंख किंवा दोन उजव्या बाजू तयार होणं हेही नेहमीचं. दुसरा पंख सुरू करण्याआधी त्याचे भाग पहिल्याच्या शेजारी उलटे मांडून बघा. फ्यूजलाजच्या दोन्ही बाजूंवर आतला भाग कोणता ते पेन्सिलीने लिहा.

फ्यूजलाजबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही, लेझरने कापलेल्या किटमध्ये खाचा बऱ्यापैकी अचूक असतात. फक्त दोन बाजू मागे एकत्र आणताना मधली रेषा नकाशावर ठेवूनच आणा, नाहीतर केळ्यासारखी बाक येते. फायरवॉलला नकाशाने जो कोन दिलाय, बहुधा दोन-तीन अंश खाली आणि दोन अंश उजवीकडे, तो चुकून लागलाय असं समजून सरळ करू नका. थ्रॉटल (मोटरचा जोर) दिल्यावर नाक वर जाणं आणि डावीकडे ओढलं जाणं त्यानेच आवरतं.

पंख, शेपटी आणि फ्यूजलाज एकमेकांना काटकोनात आहेत का, ते दोऱ्याने बघा. शेपटीच्या मधल्या बिंदूपासून प्रत्येक पंखाच्या टोकापर्यंत अंतर मोजा, दोन्ही सारखी हवीत. मग मागे दोन पावलं जाऊन एक डोळा मिटून पाहा: पंख आणि आडवी शेपटी समांतर दिसायला हवेत.

फिल्म चढवताना इस्त्रीचं तापमान पाकिटावर लिहिल्याप्रमाणे ठेवा, आधी कडा चिकटवा, मग मधला भाग ताणा. वरचा आणि खालचा भाग आलटून पालटून ताणायचा, एकच बाजू पूर्ण ताणली तर पंख तिकडे वाकतो. आणि इथेच थोडा उरलेला पीळ काढायची शेवटची संधी असते. लेकीला पंख उलट दिशेने किंचित पिळून धरू द्या, तुम्ही फिल्म पुन्हा गरम करा आणि थंड होईपर्यंत हात सोडू नका.

एवढ्या विमानाचं वजन ९०० ग्रॅमच्या आसपास आलं तर छान. त्याला २२१२ प्रकारची १००० केव्ही (दर व्होल्टला मिनिटाला १००० फेरे) मोटर, ३० अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट), १० इंची प्रोपेलर, ९ ग्रॅमचे सर्वो (झडपा हलवणाऱ्या छोट्या मोटरी) आणि २२०० एमएएचची तीन सेलची लिपो (लिथियम पॉलिमर बॅटरी) पुरते. किटने दुसरी मोटर सांगितली असेल तर तिचंच ऐका. सर्वोंना आधी वीज देऊन मध्यावर आणा, मगच हॉर्न (सर्वोवरचा छोटा दांडा) बसवा. विमानाच्या मागे उभ्या राहून तपासा: रिमोटची काडी उजवीकडे नेली की उजवा एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची झडप) वर, काडी मागे ओढली की एलेव्हेटर (आडव्या शेपटीची झडप) वर. रिमोट बंद केला की थ्रॉटल शून्यावर जायला हवा, तेही तपासा. हे सगळं प्रोपेलर काढून ठेवून. घरात बॅटरी जोडलेली असताना प्रोपेलर लावायचा नाही, हा नियम लेकीला पहिल्या दिवशीच सांगा. प्रोपेलर लावाल तेव्हा अक्षरं पुढच्या बाजूला येतात.

लिपो पूर्ण भरली की १२.६ व्होल्ट, ठेवून द्यायची असेल तर प्रत्येक सेल ३.८ व्होल्टवर. चार्ज बॅलन्स चार्जरवर (सगळे सेल सारखे भरणाऱ्या), २.२ अँपिअरने, आणि समोर बसूनच. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरायची नाही. उन्हात उभ्या गाडीत ती विसरू नका.

आता गुरुत्वमध्य. २० सेंटीमीटर रुंदीच्या सरळ पंखाला तो पुढच्या कडेपासून ५ ते ६ सेंटीमीटरवर येतो. नकाशावर खूण असेलच, पहिल्या उड्डाणाला तिथून मागे एक मिलिमीटरही नको. बॅटरीसकट सगळं बसवून, पंखाखाली त्या खुणांवर दोन बोटं ठेवून विमान उचला. नाक किंचित खाली झुकलं पाहिजे. शेपटी खाली गेली तर आधी बॅटरी पुढे सरकवा, शिसं सगळ्यात शेवटी. नाक जड असेल तर विमान आळशी उडतं, शेपटी जड असेल तर ते कोणाचंच ऐकत नाही.

उडवण्याबद्दल माझं स्पष्ट मत: हे विमान शिकायला वापरू नका. सिम्युलेटरवर भरपूर सराव करू द्या, मग स्वस्त फोमचं एखादं विमान हाताळू द्या, आणि पहिलं उड्डाण जवळपास कोणी अनुभवी असेल त्याच्या हातून होऊ द्या. लेकीने इतक्या मायेने जोडलेलं विमान पहिल्याच मिनिटाला गेलं तर ती पुन्हा हातात गोंद धरणार नाही, आणि हे नुकसान विमानापेक्षा मोठं आहे.

ड्रोन नियम २०२१ मॉडेल विमानांनाही लागू आहेत. २५० ग्रॅमच्या वर २ किलोपर्यंतचं विमान मायक्रो वर्गात येतं आणि व्यावसायिक नसलेल्या उड्डाणाला या वर्गात रिमोट पायलटचा परवाना लागत नाही. पण चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय उडवता येत नाही, आणि हिरव्या क्षेत्रात (जिथे आधी परवानगी लागत नाही) १२० मीटरची मर्यादा असते. सरकारच्या डिजिटल स्काय संकेतस्थळावरच्या नकाशावर तुमची जागा तपासा. कातळाच्या सड्यावर मोकळीक मिळते पण उतरताना दगडावर पोट फाटतं. कापणी झालेलं भातखाचर मऊ असतं, फक्त बांध ध्यानात ठेवायचे. सकाळी लवकर, वारा पडलेला असताना जा.

मे अखेरपर्यंत पूर्ण झालं नाही तर पावसाआधी उरकायची धडपड करू नका. फिल्म चढवलेलं विमान पावसाळाभर कोरड्या खोलीत भिंतीला आडवं टांगा, बॅटरी काढून. दिवाळीच्या सुमारास भात निघालेलं असेल, हवा कोरडी असेल, आणि टांगून ठेवलेल्या पंखात नवा पीळ आलाय का ते तेवढं पुन्हा बघा. शीट लावण्याच्या टप्प्याला आलात की पंखाचा अगदी मागून, टोकाच्या पातळीत कॅमेरा धरून फोटो काढा आणि मला पाठवा. तेव्हा दिसलेला पीळ टाचण्या हलवून काढता येतो.