ठरावाची नको, मंजुरीची तारीख आणा

सर, नगरपरिषदेच्या बंद पडलेल्या प्रसूतिगृहाची जागा ३० वर्षांच्या भाडेपट्ट्याने एका खासगी कंपनीला रुग्णालयासाठी दिली, आता तिथे दुसऱ्या मजल्याचा स्लॅब पडला आहे, आणि हे थांबवता येईल का, असं तुम्ही विचारता. अशी पत्रं मला सतत येतात. गावातला फुकटचा दवाखाना गेल्यावर बाळंतिणींना कुठे आणि कितीला जावं लागतं, हे तुम्ही मला सांगायला नको आणि मी तुम्हाला. थेट कलमावर येतो.

महाराष्ट्र नगरपरिषदा अधिनियम, १९६५ चं कलम ९२. नगरपरिषदेला स्वतःची स्थावर मालमत्ता शासनाच्या मंजुरीशिवाय हस्तांतरित करता येत नाही. त्या प्रस्तावासोबत जो ठराव जातो, तो एकूण सदस्यसंख्येच्या किमान दोन तृतीयांश मतांनी झालेला लागतो. नगरपरिषद स्वतःच्या अधिकारात देऊ शकते तो फक्त ३ वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा. नूतनीकरणं धरून तो ९ वर्षांच्या पुढे नेता येत नाही, आणि त्या जागेवर पक्कं बांधकाम चालत नाही. तुमच्याकडे ३० वर्षं आहेत आणि स्लॅबही आहे.

तुम्ही इतिवृत्ताच्या पानाचा फोटो पाठवलात. त्यात वर ‘हजर १९’ आणि खाली ‘बाजूने १३, विरोधात ६, बहुमताने मंजूर’ असं दिसतं. हजर सदस्यांमध्ये १३ म्हणजे दोन तृतीयांशांहून जास्त, म्हणून कोणाला खटकलं नसेल. पण तुमच्या नगरपरिषदेचे सदस्य २४. त्यांचे दोन तृतीयांश होतात १६. तीन मतं कमी आहेत. हा फोटो फाइलमध्ये पहिल्या पानावर लागला पाहिजे, फक्त त्याची प्रमाणित नक्कल आणा. मोबाइलमधला फोटो कोर्टात कोणी हातात धरणार नाही.

आता तुमच्यावर रागावतो. ठराव नोव्हेंबर २०२१ चा आहे, मुदत संपण्याच्या तोंडावरचा. त्यानंतर प्रशासक आले आणि तुम्ही नऊ निवेदनं दिलीत. सगळ्यांच्या पोच तुमच्याकडे आहेत, पण माहिती अधिकाराचा १० रुपयांचा एक अर्ज कोणी केला नाही. उच्च न्यायालयात पहिला प्रश्न हाच येईल: इतकी वर्षं कुठे होता? ‘काम सुरू झालं नव्हतं’ हे उत्तर पुरत नाही. कंपनीचे वकील खर्चाचे आकडे मांडतील आणि अशा वेळी न्यायालयं बांधकाम थांबवायला कचरतात.

म्हणून सगळं एका कागदावर येऊन थांबतं: शासनाचा मंजुरी आदेश. तो झालेलाच नसेल, तर उशीर होऊनही तुमची बाजू भक्कम आहे. तो हल्लीचा असेल, तर काळ त्या तारखेपासून मोजा असं म्हणता येईल. तो २०२२ चा निघाला, तर मतांच्या मुद्द्यावर लढता येईल, पण मी तुम्हाला खात्री देणार नाही.

माहिती अधिकाराचा अर्ज उद्याच टाका. पण त्याच्या ३० दिवसांची वाट बघत बसू नका. एक वर्षावरच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची असते, तेव्हा दुय्यम निबंधकाकडे सूची क्रमांक २, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा, शोधा. नोंद सापडलीच नाही, तर ‘हा भाडेपट्टा नाही, नुसता संचालन करार आहे’ असं समोरून सांगितलं जाईल. त्याची तयारी ठेवा.

मुंबईत मरोळच्या सेव्हन हिल्स रुग्णालयाचं उदाहरण याच कामाचं आहे. महापालिकेची जमीन, २००५ चा करार, २० टक्के खाटा पालिकेच्या रुग्णांसाठी. भाडेपट्ट्याचा दस्त मात्र कधी झालाच नाही. कंपनी दिवाळखोरीत गेल्यावर सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं की कायद्यातली परवानगी घेतल्याशिवाय पालिकेच्या जमिनीची अशी वासलात लावता येणार नाही. योगायोगाने तिथलंही कलम ९२ च, पण ते १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाचं. अर्ज लिहिताना गल्लत करू नका.

कागद हाती आले की आधी जिल्हाधिकाऱ्यांकडे नगरपरिषदा अधिनियमाच्या कलम ३०८ खाली ठरावाची अंमलबजावणी स्थगित करण्याचा अर्ज द्या. तिथे हललं नाही तर जनहित याचिका. तुमचा जिल्हा उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचच्या हद्दीत येतो, मुंबईच्या खेपा वाचतील. तुमच्या मेहुण्यांचं मेडिकल त्याच चौकात आहे, हे याचिकेत स्वतःहून लिहा, नाहीतर विरोधी वकील ते पहिल्याच तारखेला काढतील. जागा दानाची होती का, विकास आराखड्यात आरक्षण काय, हे मिळकत पत्रिका आणि आराखडा पाहिल्याशिवाय मी बोलत नाही.

याचिका फसली तरी करारातलं खाटांचं कलम सोडू नका. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. पण ते बंधन सार्वजनिक न्यासांवर आहे. तुमच्याकडची आहे प्रायव्हेट लिमिटेड कंपनी. तिला करारात लिहिलं असेल तेवढंच बांधतं. म्हणून माहिती अधिकाराच्या अर्जात ठराव आणि मंजुरी आदेशासोबत कराराची परिशिष्टांसह संपूर्ण प्रत मागा.