वाचकांचे प्रश्न : मागच्या शॉकमधून फ्रेमचे कोन बदलताना

प्रश्न : माझ्या सायकलला मागे १५० मिमी ट्रॅव्हल (चाकाची वर-खाली हालचाल) आहे, शॉक २३० × ६० मिमी (लांबी × स्ट्रोक, म्हणजे दबण्याचे अंतर), हेड अँगल (पुढच्या फोर्कचा जमिनीशी कोन) ६६ अंश. तीव्र उतारावर पुढचे चाक फारच जवळ आल्यासारखे वाटते. ऑफसेट बुश (शॉकच्या टोकात बसणारा, बोल्टचे भोक मध्यापासून बाजूला असलेला तुकडा) टाकून हेड अँगल अर्धा अंश कमी होईल का?

उत्तर : होईल. पण बुश मागवण्याआधी सॅग, म्हणजे तुमच्या वजनाने शॉक किती दबतो ते, मोजा. ६० मिमी स्ट्रोकवर ३० टक्के सॅग म्हणजे १८ मिमी. नेहमीचे कपडे, हेल्मेट, पाण्याची पिशवी यांसह सायकलवर बसा आणि शॉकच्या दांड्यावरची ओ-रिंग (रबरी कडी) कुठे थांबते ते पाहा. ती १४-१५ मिमीवरच थांबत असेल तर शॉकमध्ये हवा जास्त आहे. ती योग्य केली की मागचा भाग ८-१० मिमी खाली बसतो, आणि तुम्हाला हवा असलेला बदल बराचसा फुकटातच मिळतो.

सॅग बरोबर असूनही तक्रार राहिली, तर पुढचा हिशोब करा. तुमचा सरासरी लीव्हरेज रेशो (शॉक १ मिमी दबला की चाक किती मिमी हलते ते) १५० भागिले ६०, म्हणजे २.५. स्ट्रोकच्या सुरुवातीला तो बहुतेक फ्रेममध्ये थोडा जास्त असतो, २.८ धरू. दोन्ही टोकांना प्रत्येकी २ मिमीचे बुश बसवले की शॉकची परिणामी लांबी २३० वरून २२६ होते. शॉकपाशी ४ मिमी म्हणजे मागच्या एक्सलपाशी सुमारे ११ मिमी. व्हीलबेस (दोन्ही एक्सलमधले अंतर) १२३० मिमीच्या आसपास असेल तर हेड अँगल जवळजवळ बरोबर अर्धा अंश कमी होतो. त्यासोबत बॉटम ब्रॅकेटही (पेडलचा क्रँक जिथे फिरतो तो भाग) ७ मिमी खाली येतो आणि सीट अँगलही तितकाच कलतो. सीट रेल्सवर ६ मिमी पुढे सरकवली की चढावरची बसण्याची जागा पूर्ववत होते. एकाच टोकाला बुश टाकला तर हे सगळे निम्मे. पेडल दगडांना आधीच घासत असतील तर एकच टाका.

बसवताना बोल्टचे भोक शॉकच्या मधल्या भागाकडे आले पाहिजे. बुशच्या तोंडावर रंगाच्या पेनाने खूण करा आणि बोल्ट आवळल्यावर दोन्ही बोल्टांच्या मध्यांमधले अंतर मोजा. २२६ भरले तर काम नीट झाले. २२८ भरले तर एक बुश आडवा राहिला आहे. बोल्टचा टॉर्क फ्रेम बनवणाऱ्याने दिलेलाच ठेवा. शॉकच्या आयलेटमध्ये (टोकाच्या कडीत) बुशऐवजी बेअरिंग असेल तर त्या टोकाला हा उपाय चालत नाही. ट्रनियन शॉकमध्ये (ज्याचे एक टोक दोन्ही बाजूंनी बोल्ट लावून बसते) वरच्या टोकाला आयलेटच नसते, त्यामुळे तिथे फक्त खालचे टोक उरते.

आता सगळ्यात महत्त्वाचे, कारण फ्रेमला भेग जाते ती इथेच. शॉक ४ मिमीने आखूड झाला म्हणजे पूर्ण दबल्यावरही तो ४ मिमीने आखूडच राहतो. शेवटच्या टप्प्यात मागचे चाक पूर्वीपेक्षा साधारण ९ मिमी जास्त वर चढते आणि टायर सीट ट्यूबवर किंवा लिंक (शॉकला मागच्या भागाशी जोडणारा हलता तुकडा) फ्रेमवर आपटू शकते. याची तपासणी शॉक दाबून करू नका. हाताने तो शेवटापर्यंत जात नाही, आतला रबरी बंपर अडवतो. त्याऐवजी एक लाकडी पट्टी घ्या आणि तिला १६६ मिमी अंतरावर बोल्टच्या मापाची दोन भोके पाडा (२३० वजा ६० वजा ४). शॉक काढून त्याच्या जागी ही पट्टी बोल्टने अडकवा. सायकल आता पूर्ण दबलेल्या स्थितीत उभी आहे. चाक हाताने फिरवा. टायर आणि सीट ट्यूबमध्ये, लिंक आणि फ्रेममध्ये, ब्रेकच्या होजपाशी, सगळीकडे किमान ६ मिमी मोकळी जागा हवी. चिखलात चालवत असाल तर १० तरी ठेवा. सीटपोस्ट पूर्ण खाली केल्यावर टायर सीटला लागत नाही ना, हेही याच वेळी पाहून घ्या.

प्रश्न : हाच बुश उलटा बसवून बॉटम ब्रॅकेट उंच करता येतो का?

उत्तर : भूमितीच्या हिशोबाने येतो, पण आमचा सल्ला नाही. भोक आतल्या बाजूला असते तेव्हा शॉकचा दाब बुशला त्याच जागी धरून ठेवतो. उलटा बसवला की तोच दाब त्याला फिरवू पाहतो आणि तो केवळ बोल्टच्या आवळण्यावर टिकून राहतो. एखाद्या मोठ्या आदळ्यानंतर बुश फिरला की सायकल एकदम बसकी होते. फ्रेमला फ्लिप चिप (उलटून बसवल्यास कोन बदलणारा छोटा तुकडा) असेल तर ती ‘हाय’वर करा. नसेल तर पुढच्या फोर्कचे ट्रॅव्हल १० मिमीने वाढवल्यास बॉटम ब्रॅकेट ३-४ मिमी वर येतो, मात्र हेड अँगल अर्ध्या अंशाने कमी होतो. फ्रेमला तेवढा लांब फोर्क चालतो का, ते आधी पाहा.

प्रश्न : शॉकमधला ५ मिमीचा स्पेसर (स्ट्रोक मर्यादित ठेवणारी कडी) काढून स्ट्रोक ६५ केला तर कोन बदलतील का?

उत्तर : उभ्या सायकलचे नाही. पूर्ण उघडलेल्या शॉकची लांबी २३० च राहते. ट्रॅव्हल मात्र १६२ होते, आणि ३० टक्के सॅग आता १९.५ मिमी असल्याने बसल्यावर मागचा भाग सुमारे ४ मिमी जास्त खाली जातो. पट्टीवरची भोके १६५ मिमीवर पाडा. ऑफसेट बुशही असतील तर १६१ वर, आणि तिथे बहुतेक फ्रेम नापास होतात.

अनेक एअर शॉकमध्ये हा स्पेसर एअर कॅन (हवेचा बाहेरचा डबा) उघडल्यावर हाती लागतो. कॅन उघडण्याआधी सगळी हवा सोडा. निगेटिव्ह चेंबरमध्ये (पिस्टनच्या दुसऱ्या बाजूच्या हवेच्या कप्प्यात) ती अडकू नये म्हणून सोडताना सायकल हळूहळू दाबत राहा. कॉइल शॉकमध्ये बहुधा डॅम्पर (शॉकची हालचाल मंदावणारा तेलाचा भाग) खोलावा लागतो आणि तो नायट्रोजनने भरलेला असतो. ते सर्व्हिस करणाऱ्याकडूनच करून घ्या. स्प्रिंगही ६५ मिमी स्ट्रोकला चालणारी हवी, नाहीतर तिचे वेढे आधी एकमेकांना भिडतील.

प्रश्न : बुश बदलल्यापासून मागून टकटक येते. लिंक सगळ्या आवळल्या आहेत.

उत्तर : शॉकच्या आयलेटवर बोट ठेवा आणि दुसऱ्या हाताने सीट धरून सायकल किंचित उचला, सोडा. बोटाला हालचाल जाणवली तर पिन (बोल्ट जिच्यातून जातो ती नळी) आणि तिच्याभोवतीचे डीयू बुश (आयलेटमधले पातळ अस्तर) यांत फट आहे. जुन्या, झिजलेल्या डीयू बुशमध्ये नवी पिन घातली की हे होतेच. डीयू बुश बाहेर काढून नवे प्रेस करा. पिन त्यात हाताच्या जोराने घट्ट जाऊन बसली पाहिजे. सैलपणे आत घसरत असेल तर तो जोड पुन्हा वाजणार.