नफा दिसतोय, मग पैसे गेले कुठे?

प्रश्न : नमस्कार ताई, माझं पॅकिंगचे बॉक्स बनवायचं छोटं युनिट आहे. अकाउंटंटने वर्षाचे कागद दिलेत. खरे आकडे सांगत नाही पण प्रमाण तेच ठेवलंय, विक्री १००० धरली तर नफा १२० आहे. आणि बँकेत मात्र गेल्या वर्षीपेक्षा १८० कमी! पगाराची तारीख जवळ आली की रात्री झोप लागत नाही. हिशोबात चूक आहे की कोणी पैसे खातंय?

उत्तर : लगेच कोणावर संशय घेऊ नका. तुम्ही सगळे कागद पाठवलेत म्हणून बरं झालं, मी वही घेऊन बसले आणि तुमचे १८० शोधून काढले, सगळे सापडले.

आधी नफा-तोटा पत्रक बघू. विक्री १०००, विकलेल्या मालाची किंमत ६००, भाडं पगार वीज मिळून २००, घसारा (मशीनची वर्षभराची झीज) ५०, व्याज ३०. उरले १२०. इथपर्यंत बरोबर आहे. पण या कागदावर विक्री कधी लिहितात? बिल फाडलं की. गिऱ्हाईकाने पैसे दिले की नाही हे हा कागद विचारतच नाही, त्यामुळे नफा हा आकडा धंदा फायद्यात चाललाय का एवढंच सांगतो, खिशात काय आहे ते सांगत नाही.

आता १२० पासून सुरुवात करा. घसाऱ्याचे ५० परत मिळवा कारण ते या वर्षी कोणाला दिलेले नाहीत, झाले १७०. मग ताळेबंदात (धंद्याकडे काय आहे आणि ते कोणाच्या पैशातून आलं हे दाखवणारा कागद) गेल्या वर्षीचा आणि या वर्षीचा रकाना शेजारी शेजारी ठेवा. गिऱ्हाईकांकडून येणी १०० होती ती २५० झाली, म्हणजे १५० उधारीत अडकले, उरले २०. स्टॉक १०० चा २०० झाला, म्हणजे आणखी १०० गोडाऊनमध्ये जाऊन बसले, आता वजा ८०. पुरवठादारांचं देणं ४० ने वाढलंय, तेवढे तुम्ही अजून दिले नाहीत म्हणून ते हातात राहिले, वजा ४०. कर्जाची मुद्दल फेडली ६०, वजा १००. आणि घरखर्चाला तुम्ही उचल घेतली ८०. वजा १८०. जुळलं!

यातल्या शेवटच्या दोन ओळी बहुतेक जणांना माहीतच नसतात. हप्त्यातलं फक्त व्याज खर्चात जातं, मुद्दल नफा-तोटा पत्रकात कुठेच दिसत नाही. मालकाची उचलही (एकट्याच्या मालकीचा किंवा भागीदारीचा धंदा असेल तर) खर्च धरत नाहीत, ती भांडवलातून वजा होते. म्हणून नफ्याकडे बघून मोठा हप्ता अंगावर घेतला की माणूस अडकतो, आणि चांगली कष्टाळू माणसं यातच अडकतात याचं मला फार वाईट वाटतं.

आता दुखणं नेमकं कुठे आहे ते बघा. येणी २५० भागिले विक्री १०००, गुणिले ३६५, म्हणजे साधारण ९१ दिवस. तुम्ही बिलावर ३० दिवसांची मुदत लिहिता ना, वर्षाअखेरीला बाहेर अडकलेला पैसा मात्र तीन महिन्यांच्या विक्रीएवढा आहे. आधी येण्यांची यादी काढा, कोणाचं बिल किती दिवस जुनं आहे त्याप्रमाणे लावा आणि सगळ्यात जुन्याला आजच फोन करा. मग स्टॉक, त्यात न विकला जाणारा माल किती आहे ते स्वतः जाऊन मोजा. आणि हो, विक्रीवर गिऱ्हाईकाकडून घेतलेला कर बँकेत पडून असला तरी तो आपला पैसा नाही, तो वेगळाच धरायचा.

प्रश्न : ताळेबंदात माझं स्वतःचं भांडवल देण्यांच्या बाजूला का लिहितात? मी काय स्वतःलाच देणं लागतो का?

उत्तर : तुम्ही नाही, तुमचा धंदा तुम्हाला देणं लागतो. हिशोबात धंदा आणि मालक ही दोन वेगळी माणसं धरतात. एका बाजूला धंद्याकडे काय काय आहे, मशीन, माल, येणी, बँकेतले पैसे. दुसऱ्या बाजूला हे सगळं कोणाच्या पैशातून आलं, बँकेच्या, पुरवठादाराच्या की तुमच्या. आलेली प्रत्येक वस्तू कोणाच्या तरी पैशातूनच येते म्हणून दोन्ही बाजू जुळतात. पद्धत फार जुनी आहे, इटलीतले गणिती लुका पाचोली यांनी १४९४ मध्ये व्हेनिसला छापलेल्या पुस्तकात ती मांडली, आणि तिथले व्यापारी त्याच्याही आधीपासून ती वापरत होते.

एक मात्र लक्षात घ्या, ताळेबंद जुळला म्हणजे तो खरा असतोच असं नाही. तीन वर्षं धूळ खात पडलेला माल पूर्ण किमतीला दाखवला, बुडालेली उधारी येणी म्हणून तशीच ठेवली, तरी दोन्ही बाजू एकदम जुळतात. म्हणून सही करायच्या आधी अकाउंटंटला विचारा की यातलं खरंच वसूल होईल असं किती आहे.

प्रश्न : घसारा कोणाला द्यायचा नसतो, मग नफ्यातून कशाला कापायचा?

उत्तर : मशीन २५० ला घेतलं आणि ५ वर्षं चालणार असेल, शेवटी त्याचं काहीच येणार नसेल, तर दरवर्षी ५० एवढं ते झिजतं. पैसे पहिल्याच दिवशी गेले, खर्च मात्र पाच वर्षांत वाटला, बस एवढंच. हे ५० न धरता मालाचा भाव ठरवला तर भाव कमी लागतो आणि पाच वर्षांनी मशीन बंद पडतं तेव्हा नवीन घ्यायला काहीच नसतं. भाव ठरवायच्या कागदावर, पगार आणि भाड्याच्या खाली, घसाऱ्याची ओळ आजच लिहून टाका.