रॅचेट आणि सॉकेटच्या मध्ये बसणारी फिरकी चकती घेण्यासारखी आहे का? बोल्ट बोटांनी भरभर फिरवायला आणखी काय वापरावं?

तुमची तक्रार अशी की बोल्ट एकदा सैल झाला की रॅचेट, म्हणजे बोल्टच्या डोक्यावर बसणारं सॉकेट फिरवायचं एकाच दिशेने पकडणारं हँडल, नुसतं कर्रकर्र करतं, बोल्ट त्याच्यासोबत पुढे जातो, मागे येतो आणि बाहेर काही पडत नाही. त्यावर कुणीतरी ही गोल चकती, म्हणजे स्पिनर, सुचवली आणि ती खरंच कामाची की पेटीत पडून राहणारी, हे तुम्हाला विचारायचंय. ३/८ इंची रॅचेट (हे माप सॉकेट बसतं त्या चौकोनाचं) वापरत असाल तर एक जरूर घ्या. पाव इंचीसाठी वेगळी वस्तू जास्त चांगली. अर्धा इंचीसाठी मी पैसे घालणार नाही.

आधी बोल्ट मागे का येतो ते. रॅचेटच्या डोक्यात दातेरी चक्र असतं आणि स्प्रिंगने त्यावर दाबून धरलेला खटका. हँडल मागे नेताना खटका दात्यांवरून घसरतो, आणि घसरताना चक्राला थोडं ओढतोच. बोल्ट घट्ट असेपर्यंत ही ओढ जाणवत नाही. सैल झाल्यावर आट्यांचं घर्षण त्या ओढीपेक्षा कमी पडतं, मग चक्र बोल्टलाच घेऊन मागे येतं. जास्त दात्यांचं रॅचेट घेतलं की हे थांबेल असं पुष्कळांना वाटतं. ७२ दाते म्हणजे दर ५ अंशांवर एक टप्पा, ३६ दाते म्हणजे दर १० अंशांवर. याचा फायदा हँडल हलवायला जागा नसते तिथे. मागची ओढ स्प्रिंग किती कडक आहे आणि आतलं ग्रीस किती घट्ट झालंय यावरही असते, त्यामुळे दाते मोजून तिचा अंदाज येत नाही. डोकं उघडता येत असेल तर जुनं चिकट ग्रीस पुसून हलका थर द्या. चकती घेण्याआधी हे करून बघा, फुकट आहे.

आता वेळ कुठे जातो ते बघू. एम८, म्हणजे ८ मिमी बोल्टचा नेहमीचा पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १.२५ मिमी. २५ मिमी आटे आत असतील तर २० पूर्ण फेरे. अडचणीच्या जागी हँडल ६० अंशच हलत असेल तर एका फेऱ्याला ६ हेलपाटे, म्हणजे एका बोल्टला १२०. यात खरा जोर लागतो तो सुरुवातीच्या थोड्याशा भागाला. बाकी सगळे फेरे बोटांनी होण्यासारखे असतात, फक्त सॉकेट गुळगुळीत आणि हात तेलकट असल्यामुळे पकड मिळत नाही.

चकती ती पकड देते. एका बाजूला रॅचेटचा चौकोन आत जातो, दुसऱ्या बाजूने तसाच चौकोन बाहेर येतो आणि कडेला खाचा किंवा नर्लिंग, म्हणजे पकडीसाठी कोरलेली खरबरीत जाळी असते. बहुतेक लोक तिचा निम्माच उपयोग करतात, नुसती फिरवायला. दुसरा उपयोग असा की हँडल मागे नेताना डाव्या हाताच्या बोटांनी चकती धरून ठेवायची. बोल्ट जागेवर राहतो, खटका निमूटपणे दात्यांवरून सरकतो. तुमच्या तक्रारीवर नेमका इलाज हाच.

मोठी चकती म्हणजे जास्त वेग, हा समज मात्र सोडा. समजा चिमटीत धरून एका वेळी तुम्ही २० मिमी फिरवता. १५ मिमी व्यासाच्या सॉकेटवर तेवढ्यात साधारण १५० अंश होतात, ३२ मिमीच्या चकतीवर जेमतेम ७२. म्हणजे निम्म्याहून कमी वेग. बदल्यात बोटांच्या तेवढ्याच दाबात दुपटीहून थोडं जास्त बळ मिळतं. म्हणून आटे स्वच्छ आणि मोकळे असतील तेव्हा नुसतं सॉकेट किंवा नर्लिंग असलेलं छोटं एक्स्टेंशन (रॅचेट आणि सॉकेटमध्ये लावायची दांडी) चकतीला मागे टाकतं, आणि आट्यांत माती, गंज, थ्रेड लॉकचे, म्हणजे बोल्ट सैल होऊ नये म्हणून लावलेल्या गोंदाचे कण असतील तेव्हा चकती जिंकते. माझ्या हातात एक्स्टेंशनच जास्त वेळ असतं. ते असंही लागतंच, त्यामुळे विकत घेताना गुळगुळीत न घेता नर्लिंगवालं घ्यावं, एवढंच.

अर्धा इंचीला नको म्हणालो त्याचं कारणही यातच आहे. १७ किंवा १९ नंबरचं सॉकेट मुळातच २५ मिमीच्या आसपास जाड असतं, त्यावर चकती लावून बळात फार भर पडत नाही. फक्त उंची वाढते. ही उंची ३/८ लाही नडते बरं का. बोल्टच्या डोक्यासमोर रॅचेटपुरतीच जागा असेल तर मध्ये चकती मावतच नाही, आणि नेमक्या तशाच जागी तिची सगळ्यात जास्त गरज असते. तिथे डोक्यावरच फिरवायची चकती असलेलं रॅचेट चांगलं. अंगठ्याने चालवायचं, हँडल नसल्यासारखं चपटं पाम रॅचेटही मिळतं. त्याने शेवटचा घट्टपणा द्यायच्या भानगडीत पडू नका, मनगट दुखेल आणि बोल्ट सैलच राहील.

पाव इंचीसाठी स्क्रूड्रायव्हरसारखी मूठ घ्या, स्पिनर हँडल म्हणतात ती. प्लॅस्टिकची कव्हरं, पाइपचे क्लॅम्प, एम५-एम६ चे बोल्ट यांना याहून जलद हातातलं साधन मला माहीत नाही. मुठीच्या मागच्या टोकाला रॅचेट बसायला चौकोनी भोक असलेली घ्या. बोल्ट रॅचेटने सैल करायचा, रॅचेट काढायचं आणि मुठीने सोडवायचा, सॉकेट बोल्टवरून हलवायचं नाही.

एकाच ठिकाणी वीस-पंचवीस बोल्ट असतील आणि समोर मोकळी जागा असेल, जसं ऑइल पॅन किंवा गिअरबॉक्सचं कव्हर, तिथे बोटांचा नाद सोडून स्पीड हँडल घ्या. सुताराच्या ब्रेससारखी वाकवलेली ती दांडी जुनाट दिसते, पण ती सतत एकाच दिशेने फिरते, परतीचा हेलपाटाच नाही. नायलॉकच्या नटालाही तीच. त्यातलं नायलॉनचं कडं शेवटपर्यंत आटे आवळून धरतं, तिथे कुठल्याही चकतीने बोटं दमतातच.

मला चकती सर्वात आवडते ती रॅचेटशिवाय, आणि सोडवताना नव्हे तर बसवताना. सॉकेट, चकती, बोल्ट, बस. आधी उलटा फिरवायचा, आटा आट्यात पडल्याचा हलकासा टक जाणवला की सुलटा. बोल्ट तिरपा लागला असेल तर पहिल्या एक-दोन फेऱ्यांतच बोटांना कळतं. लांब हँडल लावलं की ते कळत नाही, ते तिरप्या बोल्टलाही मुकाट्याने आत नेतं आणि अॅल्युमिनियममधले आटे उखडतं. स्पार्क प्लगला तर चकतीही नको, रबरी नळीचा तुकडा प्लगच्या टोकावर चढवा. प्लग तिरपा लागला तर नळी प्लगवरच घसरते, आटे वाचतात.

काहीच विकत घ्यायचं नसेल तर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून सॉकेटवर चढवा किंवा घट्ट बसणारी ओ-रिंग घाला. तेलकट हातात ती छान पकड देते, उंचीही वाढत नाही.

घेताना चौकोनावरची स्प्रिंगवाली गोळी दाबून बघा. ती ढिली असेल तर सॉकेट काम चालू असताना इंजिनाच्या खोबणीत पडणार. हातमोजे घालत असाल तर बारीक नर्लिंगपेक्षा मोठ्या खाचा बऱ्या. टॉर्क रेंचला (ठरावीक बळापर्यंत आवळायचा पाना) चकती लावली तर सेटिंग बदलावं लागत नाही, कारण ती अक्षातच बसते, क्रोफूटसारखी, म्हणजे अक्षापासून बाजूला निघालेल्या पान्याच्या तोंडासारखी बाजूला जात नाही. ठोके देत फिरवणाऱ्या इम्पॅक्ट गनला मात्र लावू नका, हाताने वापरायच्या सॉकेटसारखीच तीही ठोके सोसायला बनवलेली नसते. बॅटरीच्या रॅचेटवर लावलीत तर ट्रिगर दाबलेला असताना बोटं चकतीपासून लांब ठेवा.