मावशीला बाहेर कसं बसवायचं?

प्रश्न : काकू, मी नागपूर जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात किशोरवयीन मुलामुलींची समुपदेशक म्हणून नुकतीच लागले. आशाताई पोरींना घेऊन येतात. पोरी लोहाच्या निळ्या गोळ्या घेतात, पाळीचं एखादं विचारतात आणि उठतात. परवा एकोणीस वर्षांची एक मुलगी मावशीसोबत आली. सारखी दाराकडे बघत होती. मी गर्भनिरोधकांचा अख्खा तक्ता समजावला, ती ‘हो हो’ करत राहिली. पुन्हा आलीच नाही. माझं काय चुकतं? – र., जि. नागपूर

उत्तर : तक्ता कपाटात ठेव. आधी मावशीचं बघू. ‘तुम्ही बाहेर जा’ म्हटलं की मावशीला संशय येणारच. त्यापेक्षा आल्या आल्या, सगळ्यांनाच सांगायचं: ‘आमच्याकडे प्रत्येकीशी दहा मिनिटं एकटीशी बोलायची पद्धत आहे.’ नियम म्हटलं की माणसं ऐकतात.

मग दार. आपल्याकडे मे महिन्यात दार लावून बसायचं म्हणजे शिक्षाच, हे कबूल. आणि कूलर सुरू असला की आपण ओरडून बोलतो. ‘पाळी किती दिवस चुकली?’ हे बाहेरच्या बाकावरच्या सगळ्यांना कळतं! तेवढा वेळ कूलर बंद कर आणि खुर्ची टेबलाच्या पलीकडे न ठेवता बाजूला घे.

पहिला प्रश्न ‘लग्न झालं का?’ हा नको. त्यानं पोरीला एवढंच कळतं की आता आपली तपासणी नाही, चौकशी होणार. कायदासुद्धा आता लग्नावर अडत नाही. गर्भपाताच्या कायद्यात 2021 मध्ये ‘पती’च्या जागी ‘जोडीदार’ आला, आणि 29 सप्टेंबर 2022 ला सर्वोच्च न्यायालयानं 20 ते 24 आठवड्यांच्या गर्भपाताच्या तरतुदीतून अविवाहितेला वगळता येणार नाही असं सांगितलं. तुझी एकोणीस वर्षांची मुलगी सज्ञान आहे. तिच्या संमतीवर मावशीची सही लागत नाही.

तिला ‘काही घडलं असेल तर कधी?’ असं विचारलं असतंस तर सगळं त्या तारखेवर ठरलं असतं. लेव्होनॉरजेस्ट्रेलची तातडीची गर्भनिरोधक गोळी संबंधानंतर 72 तासांच्या आत घ्यायची असते, जितकी लवकर तितकी बरी. राहिलेला गर्भ ती पाडत नाही. ‘पुढच्या सोमवारी ये’ म्हटलं की ती वेळ गेली. गोळी दिलीस तर ‘आता तूच मला सांग, कशी घेशील?’ असं तिच्या तोंडून ऐक. ‘हो हो’वर उठू देऊ नको.

अठराच्या आतली मुलगी असेल तर मात्र ‘कोणालाच सांगणार नाही’ असं वचन देऊ नको. पॉक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली, पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे आणि हे तिनं बोलायच्या आधी तिला माहीत हवं, नंतर नाही. गर्भपाताच्या बाबतीत 2022 च्या त्याच निकालानं एक सोय ठेवली आहे: मुलगी आणि तिच्या पालकांनी विनंती केली तर कळवताना डॉक्टरांनी तिची ओळख उघड करायची गरज नाही. तुझ्या डॉक्टरांना हे ठाऊक आहे का, आजच विचार.

पुढे पाठवायचं झालं तर नुसतं ‘नागपूरला जा’ म्हणू नको. गणेशपेठला एसटीतून उतरलेल्या पोरीला सरकारी रुग्णालयांपैकी डागा कुठे, मेयो कुठे, मेडिकल कुठे हे कसं कळणार? दवाखान्याचं नाव, ओपीडीचा वार आणि कोणती बस हे चिठ्ठीवर लिहून दे. चिठ्ठीवर कारण लिहू नको, ती घरी कोणाच्याही हाती पडते.

पोरांचं तू काहीच लिहिलं नाहीस, म्हणजे ते येतच नाहीत. ते पानठेल्यावर विचारतात आणि उत्तरंही तिथलीच घेतात. त्यांच्यासाठी संध्याकाळची एखादी वेळ मागून बघ.

त्या मुलीच्या घरी आशाताईंना मुळीच पाठवू नको, सगळ्या मोहल्ल्याला कळेल. पुढच्या बैठकीत त्यांनी सगळ्याच पोरींना तुझा वार सांगावा, आणि एकटीनं आलं तरी चालतं हेही.