देणाऱ्यांची नावं शोध

चिरंजीवास,

अनेक आशीर्वाद.

तमिळ किनाऱ्यावरच्या तरंगमपाडीच्या लुथरन (प्रॉटेस्टंट ख्रिस्ती) मंडळीवरचा तुझा मसुदा दोनदा वाचला. मेहनत पानोपानी दिसते. ९ जुलै १७०६ला त्सीगेनबाल्ग आणि प्ल्यूत्शाऊ हे जर्मन मिशनरी तिथल्या डॅनिश वसाहतीत उतरले, १७१५मध्ये तमिळ नवा करार छापून झाला, १७१८मध्ये न्यू जेरुसलेम चर्च उभं राहिलं. सगळं चोख आहे, त्याला हात लावू नकोस. माझी तक्रार वेगळीच आहे. पाळक, राजे, गव्हर्नर सगळे भेटले, पण मंडळी भेटली नाही. आणि मंडळीचं दातृत्व सांगायचं तर पैसा कुणाच्या खिशातून निघाला, हे आधी विचारायला हवं.

सुरुवात जर्मनीतल्या हालेपासून कर. १६९५मध्ये तिथल्या फ्रांके नावाच्या पाळकाला दानपेटीत चार थालर सोळा ग्रोशन सापडले. रक्कम किरकोळच, पण त्याने पुस्तकं आणून गरिबांच्या पोरांची शिकवणी सुरू केली. त्यातून पुढे हालेचं प्रचंड अनाथालय उभं राहिलं. तरंगमपाडीची पत्रं १७१०पासून तिथेच छापली जाऊ लागली, आणि ती वाचून गावोगावचे लोक मदत पाठवू लागले. समुद्र कधीही न ओलांडणाऱ्या माणसांनी आपल्या किनाऱ्यावरच्या शाळा चालवल्या. मला हे फार मोठं वाटतं. तुझ्या मसुद्यात याला जेमतेम एक ओळ मिळाली आहे.

आता तंजावर. तुझं मराठी घर तिथलंच, म्हणून जास्त आग्रहाने लिहितो. तिथे काम केलेल्या श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्यावर तू चार पानं खर्च केलीस, पण ती भक्तिभावाची झाली. त्यापेक्षा त्याचे व्यवहार पाहा. १७७९मध्ये मद्रास सरकारने त्याला म्हैसूरच्या हैदरअलीकडे बोलणी करायला श्रीरंगपट्टणला पाठवलं. हैदरने वाटखर्चाला तीनशे रुपये दिले. ते स्वतःकडे न ठेवता त्याने तंजावरात अनाथ मुलांच्या शाळेच्या कामी लावले. लगेचच हैदरची स्वारी आली, तंजावरच्या किल्ल्यात धान्य संपत आलं. धान्य आणायला बैल हवे होते, पण सरकारकडून मोबदला मिळेल यावर रयतेचा विश्वास उरला नव्हता. श्वार्ट्झने स्वतःच्या शब्दावर पैसे द्यायचं कबूल केलं, आणि दोनतीन दिवसांत हजारएक बैल किल्ल्याशी आले. शिवाय भात स्वस्त होतं तेव्हा त्याने साठा करून ठेवला होता, त्यावर दुष्काळात उपाशी माणसं जगली. ते बैल ज्यांनी सोडले ते शेतकरी ख्रिस्ती नव्हते. तरी या इतिहासात त्यांना जागा हवी, कारण जोखीम त्यांनीही घेतली.

देणं उलट्या दिशेनेही झालं. तंजावरचे मराठा राजे तुळजाजी महाराज यांनी शाळेसाठी, विशेषतः अनाथ पोरांसाठी, एका गावाचं उत्पन्न लावून दिलं. श्वार्ट्झच्या देखरेखीखाली वाढलेले तुळजाजींचे दत्तक पुत्र दुसरे सरफोजी आयुष्यभर हिंदूच राहिले. श्वार्ट्झ १७९८मध्ये गेला तेव्हा ते ढसाढसा रडले आणि त्याच्या देहावर जरीचं वस्त्र पांघरलं. लंडनच्या फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून त्यांनी करवून घेतलेलं संगमरवरी शिल्प शिवगंगा बागेजवळच्या चर्चमध्ये आहे. ते जवळ जाऊन पाहा: खाटेवर म्हातारा पाळक, त्याचा हात हातात घेतलेले राजे, मागे उभा त्याचा सहकारी मिशनरी गेरिके, आणि एका बाजूला शाळेची पोरं. त्या पोरांपाशी जास्त वेळ थांब. सरफोजींनी इंग्रजीत रचलेल्या ओळींत श्वार्ट्झला अनाथांचा बाप आणि विधवांचा आधार म्हटलं आहे.

विधवांवरून आठवलं, क्लोरिंडा तुझ्या मसुद्यात नाहीच! तंजावरची मराठी ब्राह्मण विधवा, एका इंग्रज अधिकाऱ्याबरोबर राहत होती. तेवढ्याच कारणाने श्वार्ट्झने तिला आधी बाप्तिस्मा नाकारला. तो अधिकारी वारल्यावर १७७८मध्ये दिला. तमिळ मुलखाच्या दक्षिणेकडच्या पाळैयंकोट्टैच्या मंडळीच्या १७८०च्या यादीत चाळीस नावं आहेत, त्यात पहिलं तिचं. चर्च बांधायला पुढाकार तिचा, पैसाही बराचसा तिचा. १७८५मध्ये श्वार्ट्झनेच येऊन ते अर्पण केलं. तिथले लोक आजही त्याला पाप्पात्ती अम्माळ कोविल म्हणतात, म्हणजे ब्राह्मण बाईचं देऊळ. समाजाने जिला काहीच ठेवलं नव्हतं, तिने गावाला देऊळ दिलं. तिच्यासाठी स्वतंत्र प्रकरण कर. ती मंडळी पुढे अँग्लिकनांकडे गेली म्हणून तिला वगळू नकोस. रोप लुथरन हातांनीच लावलं होतं.

एक अवघड गोष्टही लिहावीच लागेल. राजनायक्कन मराठ्यांच्या तंजावर फौजेतला शिपाई, अस्पृश्य मानल्या गेलेल्या परैयर समाजातला. छापील तमिळ शुभवर्तमान वाचून तो तरंगमपाडीच्या मंडळीत आला आणि तंजावर मुलखात वर्षानुवर्षं उपदेशकाचं काम करत राहिला. १७३३मध्ये आरोन या वेल्लाळ, म्हणजे वरच्या मानल्या जाणाऱ्या जातीतल्या, माणसाला पाळकाची दीक्षा मिळाली. १७४१मध्ये राजनायक्कनचं नाव निघालं तेव्हा वरच्या जातीच्या सभासदांच्या विरोधामुळे ते मागे पडलं. अनाथांना जेवू घालणारी मंडळी आपल्याच माणसाला वेदीपाशी उभं राहू देत नव्हती. ते झाकलंस तर बाकीच्या दातृत्वावरही वाचक विश्वास ठेवणार नाही, आणि ठेवूही नये.

१९१९मध्ये तमिळ इव्हँजेलिकल लुथरन चर्च स्थापन झालं, तिथपर्यंत तू झपाट्याने आला आहेस. तो भाग चालेल.

मोडी मात्र शीक. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातली मोडी दफ्तरं दुसऱ्याने वाचून सांगितली की निम्मा हिशेब हातून निसटतो. तुळजाजींच्या देणगीचं प्रकरण त्या कागदांत शोध, आणि सापडेल ते जसंच्या तसं उतरवून मला पाठव. क्लोरिंडाचं प्रकरण दिवाळीपर्यंत हवं.

तुझा हितचिंतक