‘घरच्यासारखी’ म्हणजे किती तास?

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलीने दोनपैकी कोणतं काम घ्यावं, हा तुमचा प्रश्न. मुलगी एकोणीस वर्षांची, बारावीनंतर बालवाडी शिक्षिकेचा कोर्स झालेला. पुण्यातल्या एका ब्युरोने बाणेरच्या घरी आठ महिन्यांचं बाळ सांभाळायचं काम आणलंय: राहून-जेवून २२,००० रुपये, महिन्याला दोन सुट्ट्या. दुसरं बोलावणं हिंजवडीतल्या एका कंपनीच्या पाळणाघराचं, नऊ तासांचे १४,०००, राहायची सोय आपली आपण. तिच्या बाबांना ‘लोक मोलकरीण म्हणतील’ ही धास्ती. मला धास्ती वाटली ती ब्युरोवाल्याच्या ‘तुमची मुलगी घरच्यासारखी राहील’ या वाक्याची. घरच्या माणसाचे तास कोणी मोजत नाही हो.

म्हणून आपण मोजू. दोन सुट्ट्या वजा जाता अठ्ठावीस दिवस. सकाळी सात ते रात्री दहा धरले तर दिवसाला पंधरा तास, म्हणजे तासाला साधारण ५२ रुपये. बाळ रात्री उठणार, आणि त्याच्यामागे तीही. रात्र धरली तर हाच दर ३३ वर येतो. पाळणाघराचा दर सव्वीस दिवसांच्या हिशोबाने तासाला ६० पडतो. अर्थात खोली आणि मेस त्यातला मोठा घास घेणार, आणि हातात शिल्लक बाणेरच्या कामातच जास्त राहील, हेही खरं. त्यामुळे हे काम सोडा असं मी म्हणणार नाही. अटी ठरवून घ्या म्हणेन.

एका कागदावर लिहून घ्या. रोज सलग दोन तास तिचे स्वतःचे. आठवड्याची सुट्टी, महिन्याला दोन नव्हे. रात्री बाळाजवळ झोपायचं असेल तर त्याचे वेगळे पैसे. काम बाळाचं: त्याचं जेवण, आंघोळ, कपडे, बाटल्या, खेळ. मोठ्यांची भांडी आणि पोळ्या त्यात नाहीत. ‘जरा एवढं कर’ तिथूनच सुरू होतं. पगार तिच्या खात्यात, ठरलेल्या तारखेला. घरात कॅमेरे कुठे आहेत तेही विचारा.

ब्युरो मूळ मार्कशीट मागतोय, ती अजिबात देऊ नका. झेरॉक्स पुरते. पहिल्या पगारातून कमिशन कापणार म्हणतो, मग त्या घराकडून किती घेतलं तेही विचारा.

कायद्याचा आधार आहे, पण पातळ. महाराष्ट्रात २००८ चा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आहे. तिथे तिची नोंदणी जरूर करा, मात्र तो कल्याणकारी मदतीसाठी आहे, पगार ठरवून देत नाही. घर म्हणजे आस्थापना नव्हे, त्यामुळे पीएफही नाही. लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा मात्र घरकामगारांना स्पष्टपणे लागू आहे. तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. हे तिला स्वतःला माहीत असू द्या.

आता बाबांसाठी. वर्षाखालच्या बाळाला मध चाटवायचा नाही, कानात तेल घालायचं नाही, घशात काही अडकलं तर पालथं धरून पाठीवर थापट्या कशा द्यायच्या, हे ज्या मुलीला येतं तिचं काम कौशल्याचं आहे, आणि त्याचे जास्त पैसे मागता येतात. बाळांच्या प्रथमोपचाराचं प्रशिक्षण आधी करून घ्या. पुढे पाळणाघराची वाटही खुली आहे. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीपासून पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय करावी लागते, आणि तिथे बालवाडीचा कोर्स आणि वर्षाचा अनुभव दोन्ही कामाला येईल.

त्या घराने कागदाला नाही म्हटलं, तर माझं मत सरळ हिंजवडीला. हो म्हटलं, तर सामान घेऊन जाण्याआधी एकदा तुम्ही दोघी जाऊन या आणि ती झोपणार कुठे ते बघा. ब्युरोवाल्याने फोटो पाठवला असला तरी.